पालकाची सही

वाशीम
२९ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप दादास,
धाकट्या केशरचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र बघून तू म्हणशील, मोबाइलच्या जमान्यात या बाईला पोस्टाची कशी आठवण झाली. तर माझा मोबाइल इथल्या ऑफिसच्या कपाटात आहे. रविवारी काढून देतात आणि मॅनेजर शेजारी खुर्ची ओढून बसतो. तो बसला की मला बोलणं सुचत नाही, आणि तुला फोनवर हां-हां करण्यापलीकडे काही ऐकू येत नाही. तेव्हा आपलं पोस्टच बरं.

पाय आता बरा आहे. जूनमध्ये आसेगावच्या घरी न्हाणीत पडले, रात्रभर फरशीवर होते, ते तुला ठाऊकच आहे. संघदीप पुण्याहून धावत आला, ऑपरेशन करवलं, आणि पाय सुधारेपर्यंत म्हणून मला या वृद्धाश्रमात ठेवून गेला. पाय सुधारला. मी रागात असले की काठी विसरून चालते, इतका सुधारला. पण घरी जायचं नाव काढलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

इथला एक शब्द तुला सांगायचा आहे. मी जन्मभर आसेगावच्या शाळेत पोरांच्या मागे लागले की प्रगतिपत्रकावर पालकाची सही आणा. ज्यांचे पालक अंगठा लावायचे, त्यांना संध्याकाळी बसवून सही शिकवली. आणि इथे दाखल होताना पालक म्हणून सही केली ती माझ्या पोटच्या संघदीपने. म्हणजे या वयात मी पाल्य झाले. परवा फाटकासमोरच्या टपरीवर चहा प्यावासा वाटला, तर मॅनेजर रविकांत म्हणाला की आजी, तुमच्या पालकांना विचारावं लागेल. मी म्हटलं, माझे पालक जाऊन जमाना झाला, त्यांना विचारायला तूच जाऊन ये. त्याला विनोद कळला नाही. त्याने खरंच पुण्याला फोन लावला, आणि पालकांनी चहाला नाही सांगितलं.

बाकी जेवण चांगलं असतं. पोळ्या करणारी चतुराबाई फार मायेची आहे. कुणाच्या मुलाचा वाढदिवस असला की आम्हाला ओळीने बसवून हातात लाडू देतात आणि फोटो काढतात. फोटो होईपर्यंत लाडू खायचा नाही.

तुझं जुनं एक पत्र माझ्या पिशवीत निघालं. खाली नेहमीप्रमाणे ‘आर्शीवाद’. दादा, तो रफार ‘शी’च्या डोक्यावर नसतो, ‘वा’च्या डोक्यावर असतो. मास्तरीण झाले तेव्हापासून सांगते आहे. आता तरी सुधार.

वहिनीच्या मागे तू जेवणाची हयगय करतोस, ती करू नकोस. लोभ आहेच, तो पोस्टाने येत राहू दे.

तुझी,
केशर


मु. पो. केनवड, ता. रिसोड
७ ऑक्टोबर २०२४

चि. केशरबाईस,
दादाचा जयभीम.

तुह्यं पत्र भेटलं. माहा हात लय कापते, म्हून मी सांगून राह्यलो अन् आपला प्रसेनजित लिहून राह्यला. तो माह्यं बोलणं सुधराले पाह्यते. त्याले मनलं, पोरा, बापानं सांगतलं तसंच लिही, आत्या काई तुही परीक्षा घेऊन नाही राह्यली.

पालकाचं वाचून मी लय हासलो अन् मंग हासू थांबलं. बाई, तू कोनाचं लेकरू हायस ते मी पाह्यलं हाय. तुले काखेत घेऊन मीच हिंडवलं. पालक म्हनाचा तं मले म्हना, मी अजून जिता हाय.

परवा प्रसेनजित वाशीमले कचेरीच्या कामानं गेलता. तुह्यासाठी आंबाडीची भाजी घेऊन फाटकावर आला, तं तिथल्या मानसानं इचारलं, यादीत नाव हाय काय. यादीत दोनच नावं, संघदीप अन् मंजुषा सूनबाई. भाच्याले आत्या भेटत नाही, हा कोन्ता कायदा हाय? तू शिकेल बाई, तूच सांग. तो भाजी फाटकावर ठेवून वापस आला. भेटली काय तुले?

सोयाबीन सोंगून झाली. मले खोकल्यानं धरलं, रातभर बसून राह्यतो. मी काई आता एसटीत चढत नाही, पायरी लय उंच हाय. तूच ये. तुले तं सरकारनं तिकीट बी माफ केलं. चार दिवस राह्य, मंग भांडून जाय.

शेवटची ओळ मी माह्याच हातानं लिहीन, नाईतं तुले पटाचं नाही.

केसर, अनेक आर्शीवाद.
दादा


वाशीम
१६ ऑक्टोबर २०२४

तीर्थरूप दादास,
केशरचा सविनय जयभीम. वि. वि.

भाजी भेटली नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, बाहेरचं खाणं पाल्यांना देत नाहीत. मॅनेजर पाल्य म्हणाला नाही, आजी म्हणाला. इथे आम्ही सगळ्या आजी. नाव फक्त गोळीच्या पुडीवर असतं. गोळ्या कशाच्या म्हणून विचारलं, तर पालकांना माहीत आहे म्हणाले. दुखणं माझं, आणि माहिती पुण्याला.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी पहाटे अंघोळ केली, पांढरं लुगडं नेसले आणि फाटकाजवळच्या बाकड्यावर बसले. विहार इथून जवळ आहे, भोंग्यावरची वंदना ऐकू येते. मॅनेजरने फोन केला, पालक मीटिंगमध्ये होते. दुपारी ते मीटिंगमधून मोकळे झाले आणि म्हणाले की गर्दी फार असते, नको. मी तिथेच बसून त्रिसरण-पंचशील म्हटलं. शेजारच्या कस्तुराबाई वेगळ्या देवाच्या, त्यांचे मुलगे मोठे जमीनदार, पण त्या माझ्यासोबत हात जोडून बसल्या. त्यांनाही कुठे जाता येत नाही.

आता दुसरं सांगते, ते वाचून तू रागावशील. सोमवारी केस कापणारी बाई आली. मला वाटलं, ज्यांना कापायचे त्यांच्यासाठी असेल. मला खुर्चीवर बसवलं, टॉवेल गुंडाळला आणि मानेपासून कापून टाकले. मी नको म्हणत होते, ओरडत होते म्हटलं तरी चालेल. ती बिचारी म्हणाली की तुमच्या पालकांनी हो म्हटलंय. उवा होतात म्हणे. माझ्या डोक्यात जन्मात ऊ नव्हती. माझा अंबाडा केरात गेला. रात्री सवयीने हात मागे गेला आणि नुसती मान लागली. दादा, मी त्या पडलेल्या रात्री रडले नव्हते, पण सोमवारी रडले.

मला तुझ्याकडे यायचं आहे. तुझा खोकला ऐकून जीव घाबरा होतो. मी रीतसर परवानगी मागते आहे, जन्मभर रीतसरच वागले. आडुळशाचा काढा घे आणि प्रसेनजितला सांग, मला डॉक्टरकडे ने. तो माझ्या घरी राहून शिकला, माझं ऐकतो. त्याचं शुद्धलेखन माझ्या हातचं आहे, तुझ्यासारखं नाही.

पत्राची वाट बघते. माया पातळ करू नकोस.

तुझी,
केशर


पुणे
२३ ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

तू रविवारी फोनवर गप्प बसतेस, म्हणून लिहितो आहे. टाइप केलं आहे, मॅनेजर सर प्रिंट काढून देतील. तू मामांना लिहिलेली पत्रं त्यांनी मला फोटो काढून पाठवली. चिडू नकोस. काळजी म्हणूनच ते तसं करतात.

आई, मी तुझा मुलगा आहे, जेलर नाही. जूनमध्ये शेजारच्या सेवादासकाकांनी आसेगावचं दार तोडलं, तेव्हा मी फोनवर होतो. त्यांनी फोन तुझ्या तोंडाजवळ धरला. रात्रभर हाका मारून तुझा आवाज गेला होता, नुसती हवा ऐकू येत होती. ती अजून मला ऐकू येते. तू पुन्हा तिथे एकटी राहणार, हे मी सहन करू शकत नाही. पुण्यात तू रमली नाहीस. मग मी काय करायला हवं होतं, ते तूच सांग.

केस वाढतील. टपरीच्या चहाने पोट बिघडतं. गर्दीत कुणाचा धक्का लागला तर दुसरा पाय जाईल. मामांच्या घरी पायऱ्या आहेत, आणि त्यांच्या खोकल्याचा संसर्ग झाला तर काय? थंडी सरली की फेब्रुवारीत मी स्वतः गाडी घेऊन येतो आणि तुला केनवडला नेतो. शब्द देतो.

मंजुषा तुझी आठवण काढते. आमच्या धम्मदीपाची परीक्षा जवळ आली आहे. तब्येतीला जप. माझ्यावरचा राग जरा कमी होऊ दे.

तुझा,
संघदीप


वाशीम
२९ ऑक्टोबर २०२४

चि. संघदीप यास,
अ. उ. आ.

हे पत्र मुद्दाम ऑफिसातूनच पाठवते आहे, म्हणजे मॅनेजरचीही करमणूक होईल. रविकांत, ‘करमणूक’मधला ‘णू’ दीर्घ आहे, फोटो नीट काढ.

तुला काय करायला हवं होतं, असं विचारलंस. मला विचारायला हवं होतं. एवढंच. दिवसा कुणी बाई सोबतीला ठेवली असती, न्हाणीत धरायला दांडा बसवला असता, नाहीतर इथेच राहिले असते, पण माझ्या तोंडाने हो म्हणून. तू पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकतोस आणि त्याला काळजी म्हणतोस. तुझी भीती मला कळते. तुला पहिल्यांदा शाळेत सोडलं, तेव्हा मलाही होती. पण मी तुला दप्तरासकट कपाटात ठेवलं नव्हतं.

फेब्रुवारीत नाही, आत्ता. दादाचा खोकला साधा नाही. एक दिवस ने, संध्याकाळी परत आणून सोड, मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही. बाकी सगळं मी गिळेन. केस, चहा, गोळ्या, सगळं. एवढं एक मागते आहे.

धम्मदीपाला म्हणावं, उत्तरं लिहिण्याआधी प्रश्न नीट वाचावा. ते तुला कधी जमलं नाही.

तुझी,
आई


मु. पो. केनवड
९ नोव्हेंबर २०२४

चि. केशरबाईस,
दादाचा जयभीम.

तू चिठ्ठीत मनलं तसं हे पत्र चतुराबाईच्या घरच्या पत्त्यावर धाडून राह्यलो. या वयात चोरून पत्र लिहाची येळ आली, तरुनपनी कोनाले लिहलं नाही.

डाक्टरनं फोटो काढला. फुफ्फुसात पानी हाय म्हन्ते. अकोल्याले न्या म्हन्ते. मी मनलं, मले कुठं नेऊ नका, मी माह्या घरी, माह्या खाटेवर राह्यतो. प्रसेनजितनं ऐकलं. रडला, पन ऐकलं. त्यानं संघदीपले फोन केलता का आत्याले आन. तो म्हन्ते, आईले अशात दाखवलं तं तिच्या मनाले धक्का बसंन. बाई, मले पाहून तुले धक्का काहून बसंन? मी का भूत हाय?

मले तुह्याशी बोलाचं हाय. खास काई नाही. आपल्या मायचं नाव घेनारं आता तुह्याबिगर कोनी उरलं नाही. तिचा आवाज कसा होता ते मले आठवून नाही राह्यलं. तुले आठवते काय? तू ये अन् मले सांग. फोनवर नको, मले ऐकू येत नाही. जवळ बसून सांग.

खिडकीतून एसटीचा रस्ता दिसते. खाट तिकडंच फिरवून घेतली.

केसर, अनेक आर्शीवाद. ये.
दादा


वाशीम
२२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप दादास,
केशरचा सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र चतुराबाईने पदरात लपवून आणलं. मी ते न्हाणीत उभं राहून वाचलं. त्याच दिवशी मॅनेजरकडे गेले, त्याने पुण्याला फोन लावून दिला. संघदीपने मान्य केलं की मामा आजारी आहेत, पण थोडी थंडी सरू दे म्हणाला. मी विनवण्या केल्या. शेजारी मॅनेजर बसला होता, तरी केल्या.

विधानसभेच्या मतदानाला इथल्या काही जणांना गाडीतून नेलं. बोटाची शाई दाखवत फोटो झाले. माझं नाव आसेगावच्या यादीत, तिकडे कोण नेणार. पालकांनी कळवलं की एका मताने काय होतं.

काल गंमत झाली. इथे कार्यक्रम होता, ज्येष्ठ नागरिकांचे अधिकार. मोठा फलक, शाल, नारळ, आणि आम्ही ओळीने खुर्च्यांवर. वाशीमच्या कोर्टातली एक वकीलबाई आली होती, साधना नावाची. पोरगीच आहे. ती म्हणाली, आईवडिलांच्या सांभाळाचा कायदा आहे, मुलांनी सांभाळलं नाही तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. टाळ्या झाल्या. मग कुणाला काही विचारायचं आहे का म्हणाली. मी उठले. विचारलं, मला समोरच्या टपरीवर चहा प्यायला जायचं असेल, तर परवानगी कुणाची लागते?

ती हसली, मग माझं तोंड बघून हसायची थांबली. म्हणाली, कुणाचीच नाही. तुम्ही सज्ञान आहात. कोर्टाने नेमल्याशिवाय सज्ञान माणसाला पालक नसतो. सांभाळणं हे मुलाचं कर्तव्य आहे, त्यातून त्याला मालकी मिळत नाही. कस्तुराबाईंनी एवढ्या जोरात टाळी वाजवली की एकटीच वाजवत राहिल्या. मॅनेजर म्हणाला, मॅडम, हे कायद्यात ठीक आहे, पण आमच्यावर जबाबदारी असते. मग त्याने नारळ दिला आणि चहापाण्याचं सांगितलं. जाताना पोरीने मला तिचं कार्ड दिलं.

रात्रभर विचार करते आहे. दादा, माय बोलायची ते मला आठवतं. ती ‘केसर’ म्हणायची, तू म्हणतोस तसंच. तिचा आवाज जरा फाटका होता, जात्यावर बसून बसून झालेला. हाक मारताना शेवटचं अक्षर लांबवायची. मी येऊन तुला तशी हाक मारून दाखवते. संघदीपला मी शेवटचं लिहिलं आहे, या आठवड्यात त्याचं उत्तर येईल. ते आलं की लगेच निघते. तोवर दम धर.

तुझी,
केशर


मु. पो. केनवड
३ डिसेंबर २०२४

चि. केशरबाईस,
दादाचा जयभीम.

तुह्यं पत्र भेटलं. आता मले लय बरं हाय. खोकला कमी झाला. डाक्टरनं नवीन गोळ्या देल्या, त्याचा गुन आला. तू माही काळजी करू नको. थंडी लय हाय, तू अशात निघू नको, पायाले जप. थंडी सरली का संघदीप तुले गाडीनं घेऊन येनार हाय.

तुरीले शेंगा चांगल्या हायेत. हरभरा बी बरा हाय. बाकी सारं ठीक. तिथं नीट राह्य, गोळ्या येळेवर घे.

केसर, अनेक आशीर्वाद.
दादा


वाशीम
९ डिसेंबर २०२४

चि. प्रसेनजित यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. तुझंच म्हणते आहे.

ते ऑफिसच्या पत्त्यावर आलं. मॅनेजरने ते हसत माझ्या हातात दिलं, त्यानेच मला आधी खटकलं. वाचलं, जीव भांड्यात पडला, वाटलं माझा भाऊ बरा झाला. मायच्या आवाजाबद्दल एक शब्द नव्हता, तरी मी मनाची समजूत घातली की विसरला असेल. कस्तुराबाईंना वाचून दाखवलं. वाचता वाचता शेवटच्या ओळीवर आले. अक्षर कापतं आहे, ‘केसर’ आहे, सगळं बरोबर आहे. फार बरोबर आहे. रफार ‘वा’वर आहे.

तू तिसरीत होतास, माझ्या ओसरीवर बसला होतास. ‘आशीर्वाद’ शब्द तुझ्याकडून शंभर वेळा लिहून घेतला होता. तू रडलास आणि मी लाडू दिला. मी शिकवलेला शब्द तू विसरला नाहीस. मास्तरणीने याहून काय मागावं. तुझ्या बापाला तो जन्मात जमला नाही, आणि ज्या दिवशी जमला त्या दिवशी तो नव्हता.

माझा भाऊ कधी गेला, ते मला कळव. कसा गेला तेही कळव. काही गाळू नकोस, कुणाला विचारू नकोस. मी त्याची बहीण आहे, मला हे माहीत असायला हवं. पत्र चतुराबाईच्या घरी धाड.

तुझ्यावर राग आहे का, ते मला अजून कळलेलं नाही.

आत्या


मु. पो. केनवड
१३ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
प्रसेनजितचा सविनय जयभीम.

दादा २७ नोव्हेंबरला सकाळी गेले.

तुझं वकीलबाईचं पत्र आदल्या दिवशी आलं. मी त्यांना कानाशी बसून वाचून दाखवलं. नारळाचं ऐकून ते हसले, हसताना ठसका लागला. मायच्या आवाजाचं पुन्हा वाच म्हणाले. मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी विचारलं, एसटी किती वाजता येते. मी म्हटलं, येईल. रात्रभर तेच विचारत होते. पहाटे झोप लागली असं वाटलं. चहा घेऊन गेलो, तोवर ते गेले होते. तोंड खिडकीकडे होतं.

मी लगेच संघदीपदादाला फोन केला आणि म्हटलं की आधी आत्याला घेऊन ये. तो पुण्याहून आला, मातीला उभा राहिला, खूप रडला. तुला आणलं नाही. वाशीम इथून तासाभराचं, मी म्हटलं मी जाऊन आणतो. तो म्हणाला की तुला फाटकावर सोडणार नाहीत, आणि आईला काही झालं तर जबाबदार तू. पुण्यानुमोदनाच्या विधीलाही तेच झालं. मग म्हणाला की आईला संशय येईल, मामांच्या नावाने चार ओळी लिही, फेब्रुवारीपर्यंत निभवू. मी लिहिल्या. आत्या, शेवटच्या ओळीसाठी मी दादांचं जुनं पत्र समोर ठेवून हात कापवत कापवत लिहिलं. तो शब्द मला चुकीचा दिसलाच नाही, हात आपोआप नीट लिहून गेला.

माफी मागायला मला तोंड नाही. दादांची खाट तशीच आहे. तू म्हणशील ते मी करीन.

तुझा,
प्रसेनजित


मु. पो. केनवड
१९ डिसेंबर २०२४

चि. संघदीप यास,

पत्ता बघून दचकला असशील. मी केनवडला आहे, दादाच्या खाटेवर बसून लिहिते आहे. पाय ठीक आहे, दुसराही ठीक आहे.

मी कशी आले ते मॅनेजरने तुला सांगितलंच असेल, पण तो गाळून सांगेल. परवा सकाळी पांढरं लुगडं नेसून ऑफिसात गेले. माझं आधार कार्ड आणि मोबाइल मागितला. त्याने विचारलं, पालकांना विचारलं का. मी म्हटलं, मला पालक नाहीत, मुलगा आहे, आणि वकीलबाईचं कार्ड टेबलावर ठेवलं. माझ्या वस्तू त्याने दिल्या आणि तुला फोन लावत बसला. तू मीटिंगमध्ये होतास. तो लावत राहिला आणि मी फाटकाकडे गेले. फाटकावरचा माणूस यादी बघतो ती आत येणाऱ्यांची.

संघदीप, फाटकाला कुलूप नव्हतं. नुसती कडी होती, शाळेच्या फाटकाला असते तशी. लहान पोरगंही उघडेल. मी तीन महिने तिच्यासमोरच्या बाकड्यावर बसून परवानगी मागत होते. ऑक्टोबरात ती कडी वर केली असती, तर दादाजवळ बसले असते. वकीलबाईने सांगितलं त्या दिवशी उठले असते, तरी वेळेत पोचले असते. मी तुझ्या उत्तराची वाट बघत बसले. तू मला अडवलंस हे खरं. पण मी अडून राहिले, याचा राग मला जास्त आहे, आणि तो आता जाणार नाही.

समोरच्या टपरीवर चहा प्यायले. फार गोड होता आणि त्याने पोट बिघडलं नाही. एसटीत कंडक्टरने आधार कार्ड बघून शून्याचं तिकीट दिलं. ज्या बाईला सरकार महाराष्ट्रभर फुकट फिरू देतं, तिला तू फाटकाबाहेर सोडलं नाहीस. एसटीतून फोन केला होता, म्हणून इथे उतरले तेव्हा प्रसेनजित स्टँडवर उभा होता. त्याने पिशवी घेतली. वरातीमागून घोडं म्हणतात, तशी मी आले. रात्री खाटेवर बसून मायसारखी हाक मारून बघितली. बरोबर जमली. ऐकायला कुणी नव्हतं.

तू म्हणशील, आई, तुला धक्का बसू नये म्हणून केलं. बसला ना धक्का. तुझ्या हातून बसला, दादाच्या जाण्याने बसला असता तर तो माझा मला पेलता आला असता. भाऊ मेला तर बहिणीने रडायचं असतं, संघदीप. ते रडणं माझं होतं. तू ते माझ्यासाठी परस्पर रडून घेतलंस.

मी आठवडाभराने आसेगावला जाणार आहे, माझ्या घरी. सेवादासच्या सुनेला रात्रीच्या सोबतीला बोलावलं आहे, ती हो म्हणाली आहे. न्हाणीत दांडा बसवून घेते. तरीही पडले तर पडेन. त्या आश्रमाला कळव की तुझी पालकाची सही मी पुसली. कस्तुराबाईंना दर आठवड्याला पत्र लिहिणार आहे, तेही रविकांतने वाचावं.

तू यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. येशील तेव्हा आधी मला विचारून ये, मी घरी असेनच असं नाही.

एक शेवटचं. काल मी प्रसेनजितला सांगायला बसले होते की माझं काही बरंवाईट झालं तर संघदीपला लगेच कळवू नकोस. त्याचं मन हळवं आहे, त्याला धक्का बसेल, थंडी सरू दे, मग सांग. तोवर माझ्या नावाने चार ओळी पाठवत राहा. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मग खिडकीतून तो एसटीचा रस्ता दिसला, आणि मी त्याला सांगितलं की त्याच दिवशी, त्याच घटकेला कळव, आणि तो पोचेपर्यंत थांबा. तुझी आई गेल्याचं तुला कळायला हवं. तो तुझा हक्क आहे, आणि मी तो तुझ्यापासून काढून घेणार नाही.

खालचा शब्द तुझ्या मामाच्या पद्धतीने लिहिते आहे. या घरात तो आता मलाच लिहावा लागणार. सुधारू नकोस.

अनेक आर्शीवाद.
आई